वाकड्या जागेवरचे फटके

हापूस संपतो आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या गाडीवर लांबोडका, हिरवट पिवळा, पातळ सालीचा दशहरी येतो, त्या आठवड्यात मला घरात बसवत नाही. कपाटं आवरायला काढते. पडदे धुते. धुतलेले पडदे पुन्हा धुवायला काढते. नवरा विचारतो, "अगं, काय चाललंय तुझं?" आणि हे विचारताना तो स्वतः दिवाणखान्याच्या मधोमध छत्री उलटी धरून उभा असतो. छत्रीची वाकडी मूठ खाली, दोन्ही हात दुसऱ्या टोकाशी, गुडघे जरासे वाकलेले, नजर फरशीवर अशा एका जागी की जिथे काहीच नाही. एक पाय फरशीवर आणि दुसरा स्वयंपाकघरातून आणलेल्या पाटावर. सपाट जमिनीवर त्याचं काही जमत नाही. सत्तरी उलटली तरी जमत नाही.

पुण्यात दशहरीला कोणी फारसं विचारत नाही. फळवालासुद्धा जरा अपराधीपणानंच विकतो. "ताई, उत्तरेकडचा आहे, गोड आहे, पण हापूस नाही हां." मला ठाऊक आहे हापूस नाही ते. मी मिरजेची. आमच्याकडे दुसऱ्या आंब्याला आंबा म्हणायची पद्धत नव्हती. पण देठापाशी नाक नेलं की गोडाच्या आत चिकाचा एक किंचित उग्र वास येतो, आणि मग पुणं बिणं काही राहत नाही. डोळ्यांसमोर पांढरं फटक ऊन, लू वाहायला लागली की आपोआप आपटणारी दारं, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा दमट वास, आणि व्हरांड्यात चपला घासत येरझारा घालणारा श्रीधर.

श्रीधर म्हणजे हाच छत्रीवाला. आम्ही कॉलेजपासूनचे, म्हणून मी त्याला नावानं हाक मारते. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या कॉलनीत जी चार मराठी घरं होती, त्यांतल्या बायकांना ते खपत नसे. एरवी आम्हाला नावं ठेवायला कोणाला काही सापडत नव्हतं. तो एका सरकारी कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या तपासणीवर अधिकारी होता, मी शाळेत गणित शिकवत होते, मृणाल पाचवीत. घरी आम्ही मराठी बोलायचो आणि मृणाल हिंदीत उत्तरं द्यायची. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सगळं कसं रांगेत लावून ठेवल्यासारखं होतं.

त्या वर्षी होळीनंतर बाराबंकीकडच्या एका सबस्टेशनवर एक ट्रान्सफॉर्मर फुटला. उकळतं तेल उडालं आणि तिथल्या लाइनमनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ट्रान्सफॉर्मरवर श्रीधरचा शिक्का होता. तपासून पास, असा. चौकशी बसली, आणि चौकशी पुरी होईपर्यंत शिक्का मारणाऱ्याला घरी बसवलं. प्रश्न एकच होता, आणि तो उन्हाळाभर आमच्या घरात आमच्याबरोबर राहिला, जेवला, झोपला. ह्यानं तो तपासून शिक्का मारला होता, की नुसताच शिक्का मारला होता?

पगार अर्धा झाला, त्याचं मी इथे काही सांगत बसणार नाही. जास्त झोंबलं ते दुसरंच. निलंबित माणसाला परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. दर मे महिन्यात आम्ही मिरजेला जायचो. ह्या वर्षी तिकिटं रद्द केली आणि आईला कळवलं की श्रीधरला कामातून सुटी मिळत नाहीये. मृणालनं विचारलं, "पापा तो घर पे ही हैं, फिर छुट्टी कैसे नहीं मिल रही?" पोरीचा प्रश्न अगदी बिनतोड होता. मी तिला कैरीची फोड दिली आणि पन्हं ढवळायला बसवलं.

श्रीधर हज़रतगंजात जाईना. तिथे संध्याकाळी चक्कर मारायची, काही घ्यायचं नसताना दुकानांच्या काचा बघत फिरायचं, ही त्याची आवड. पण तिथे हटकून कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं. तो वाचनालयात जाईना, बाजारात जाईना. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राही. टोकाला पोचला की वळताना त्याची चप्पल एक विशिष्ट आवाज करायची. त्या आवाजानं माझं डोकं भणभणायचं. मी भांडी जोरात आपटायची, म्हणजे तो आवाज ऐकू यायचा नाही. मग तो म्हणायचा, "हळू जरा." मग मी म्हणायची, "तू हळू चाल." असा आमचा संसार चालला होता.

शेजारी रिझवी साहेब राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मलिहाबादला वडिलार्जित आंब्याची बाग, बायको वारलेली, मुलगा परदेशी. उजवा खांदा धरल्यामुळे त्यांचा हात खांद्याच्या वर जात नसे. एका सकाळी ते फाटकाशी आले आणि श्रीधरला म्हणाले, "जोगलेकर साहब, आपकी चप्पल की वजह से मुझसे अख़बार नहीं पढ़ा जाता. कल सुबह मेरे साथ बाग़ चलिए."

श्रीधर सरळ म्हणाला, "मैं सस्पेंडेड हूँ. हेडक्वार्टर नहीं छोड़ सकता."

कॉलनीत त्यानं हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. मी दारात उभी होते. माझ्या हातातला पोळीचा उंडा तसाच राहिला.

"तो क्या हुआ. मैं रिटायर्ड हूँ. दोनों ख़ाली हैं," रिझवी साहेब म्हणाले. "और मलीहाबाद लखनऊ ज़िले में ही है, बाक़ायदा. नक़्शा दिखाऊँ?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फियाटच्या डिकीतून एक कॅनव्हासची लांब पिशवी निघाली आणि तिच्यातून गोल्फच्या तीन जुन्या काठ्या. त्या खांद्यानं त्यांना आता खेळता येत नव्हतं, पण खेळाशिवाय करमतही नव्हतं. त्यांना श्रीधरचे खांदे हवे होते, एवढाच त्यातला मतलब होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

लखनौला गोल्फची चांगली हिरवळ आहे. पण तिथे कंपनीतली, बँकेतली बडी मंडळी सकाळी हजर. निलंबित माणूस तिथे कशाला जाईल? म्हणून बाग. आणि आंब्याची बाग म्हणजे गोल्फच्या दृष्टीनं अगदी वैऱ्याची जागा. प्रत्येक झाडाभोवती आळं, आळ्यांना जोडणारे पाण्याचे चर, चरांचे उतरते काठ, वर आलेली मुळं, वाळक्या पानांचा घोट्याएवढा थर, आणि मे महिन्यात उघड्या जागी विटेसारखी भाजून निघालेली जमीन. सपाट असं तिथे काहीच नव्हतं. त्यात मोसमात बागेचं फळ ठेकेदाराला विकलेलं असे. मोहर असतानाच सौदा होतो, आणि मग फळ उतरेपर्यंत मालक स्वतःच्या बागेत पाहुणा. रिझवी साहेब खाली पडलेला आंबासुद्धा ठेकेदाराच्या माणसाला विचारून उचलायचे. श्रीधरच्या फटक्यानं कैरी पडली, तर ती उचलून ठेकेदाराच्या झोपडीत नेऊन द्यायची, असा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. त्यामुळे चेंडू उंच उडवायची सोयच नव्हती. सगळा खेळ फांद्यांच्या खालून.

"पहले गेंद की नशिस्त देखिए," ते बाजेवर बसून सांगायचे. नशिस्त म्हणजे बैठक. चेंडू बसला कसा आहे ते आधी बघा, मग काठी हातात घ्या. पानांत रुतून बसलाय? मग काठी टेकवू नका, पान हललं तर चेंडू हलेल. चराच्या काठावर आहे, तुमच्या पायांपेक्षा वर? मग तो डावीकडे पळणार, तुम्ही उजवीकडे रोख धरा. पायांपेक्षा खाली आहे? मग गुडघ्यातून वाका आणि वाकलेलेच राहा, उठलात की गेलात. भाजलेल्या मातीवर आहे? मग वरून खाली मारा, नाहीतर काठी जमिनीवरून उसळेल. झाडाच्या बुंध्याला चिकटलाय? मग पाठ फिरवून उभे राहा आणि काठी उलटी करून एका हातानं मारा. ते हे सगळं अशा अदबीनं सांगायचे की जणू चेंडू हा त्यांच्याकडे आलेला कोणी पाहुणा आहे आणि त्याला कुठे बसवलंय ते बघायला हवं.

पहिले काही दिवस श्रीधरनं नुसती धूळ उडवली. पण घरी आल्यावर तो येरझारा घालेनासा झाला. थकायचा, अंघोळ करून झोपायचा. मग मीही त्यांच्याबरोबर जायला लागले, मृणालला घेऊन. घरी बसून करायचं काय? माझी शाळा बंद, मिरज बंद. बाजेच्या दुसऱ्या टोकाला मी बसायची. लांबून पोपट हाकलणाऱ्या राखणदारांचा डबे बडवण्याचा आवाज यायचा, टण्ण टण्ण, आणि रिझवी साहेब मला चिडवायचे, "भाभी, आपका हापुस तो बस नाम का नवाब है. दसहरी खाके देखिए, फिर बात करेंगे." पुढे पाड लागल्यावर मी खाल्ला. चांगला होता. त्यांना तसं सांगितलं नाही.

इकडे कॉलनीत निराळंच घडलं. एक अधिकारी ऐन कामाच्या दिवसांत सकाळी सकाळी गोल्फच्या काठ्या घेऊन फियाटमधून बाहेर पडतो. ह्याचा अर्थ काय? आमच्या त्या पगारदार कॉलनीत ह्याचा अर्थ एकच होत होता. बढती. मोठ्या पदावर जायचं तर साहेबांबरोबर खेळता यायला हवं, म्हणून जोगळेकर रजा घेऊन शिकताहेत. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं ताडलं होतं. एके दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या देवस्थळीबाई घाम पुसत आल्या. वयानं मोठ्या, मनानं चांगल्या, पण पोटात काही ठरत नाही.

"काय गं सुनीता, पेढे कुठायत?"

मी म्हटलं, "कशाचे?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं? ह्यांनी सांगितलं मला. म्हणाले, गोल्फ म्हणजे जनरल मॅनेजरच्या खाली गोष्टच नाही." मग त्यांनी श्रीधरकडे पाहिलं. "काय भाऊजी, खरं ना?"

श्रीधर पाण्याचा पेला हातात धरून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "ऑर्डर यायची आहे."

"अच्छा अच्छा. हाँ, मग बरोबर आहे. ऑर्डर हातात येईस्तोवर बोलू नये माणसानं." आणि ओठांवर बोट ठेवून त्या गेल्या. त्या गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग असे हसलो की मृणाल धावत आली. होळीनंतर आम्ही घरात पहिल्यांदा हसत होतो. हसता हसता मला रडू यायला लागलं, तेव्हा मी उठून आत गेले.

मधे एकदा तो मृणालला खेळ दाखवायला म्हणून जवळच्या शाळेच्या मैदानावर गेला. मऊ, कापलेलं गवत, पाटासारखी सपाट जागा. चेंडू ठेवला, काठी उचलली, मारली. चेंडू तिथेच. पुन्हा मारली. चेंडू तिथेच. मृणाल म्हणाली, "पापा, यहाँ तो इतना ईज़ी है." तो आपली टाच उचलून बघत होता, गुडघे वाकवून बघत होता, जणू जमिनीत कुठे उतार दडलाय आणि त्याला तो सापडत नाहीये. हे त्यानं रिझवी साहेबांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला.

मी खेळाचं सांगतेय, पण माझ्या मनात त्या दिवसांत खेळ नव्हता. माझ्या मनात तो एकच प्रश्न होता. तू तपासला होतास ना? पाच सेकंदांचा प्रश्न. बायकोनं नवऱ्याला सहज विचारावा असा. मी पोळी वाढताना विचारणार असायची आणि विचारायची, "भाजी हवी?" फियाटमध्ये विचारणार असायची, तर रिझवी साहेब असायचे. आणि एकटे असलो की वाटायचं, विचारलं म्हणजे शंका आहे असा अर्थ होईल. मग नाही विचारायचं. पण न विचारलेला प्रश्न काही गप्प बसत नाही. तो नखं कुरतडतो, कपाटं आवरायला काढतो.

आणि एका सकाळी, फळं उतरवायला सुरुवात झाली होती तेव्हाची गोष्ट, रिझवी साहेब ठेकेदाराशी बोलायला झोपडीकडे गेले होते, मृणाल त्यांच्याबरोबर. मी बाजेवर आडवी झालेली, डोळ्यांवर पदर. श्रीधरला वाटलं असेल मी झोपलेय. पदराच्या आडून मला दिसलं की त्याचा चेंडू एका म्हाताऱ्या झाडाच्या दोन मुळांच्या बेचक्यात जाऊन बसलाय. त्यानं चेंडू पाहिला. झोपडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि बुटाच्या टोकानं चेंडू बाहेर ढकलला, चांगल्या मोकळ्या जागेत, आणि तिथून झकास फटका मारला.

माझ्या अंगाची आग झाली. उठून मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पायानं काढलास."

"मुळांत होता तो."

"कुठेही असू दे. कोणी बघत नाहीये असं बघून काढलास. दिसलं मला." आणि मग जे इतके आठवडे घशात होतं ते बाहेर पडलं. "तिकडेपण असंच केलंस का, श्रीधर? कोणी बघत नव्हतं म्हणून?"

डबे बडवण्याचा आवाज येत राहिला. श्रीधरनं काठी झाडाला टेकवून ठेवली.

"मुळावर लोखंड मारायचं नाही. झाडाला जखम होते. रिझवी साहेबांचा नियम आहे," तो म्हणाला. "हात घालायचा नाही, मुळांत विंचू असतात. पायानं बाहेर काढायचा आणि एक फटका स्वतःच्या अंगावर दंड म्हणून धरायचा. मी धरला. ते कुठवर आलेत ते बघत होतो, त्यांना सांगायला."

चूक माझी झाली होती हे कळत होतं, पण मागे फिरायची माझी तयारी नव्हती. "आणि दुसरं विचारलं त्याचं?"

तो चराच्या काठावर बसला. बोटांनी मातीची एक दोन ढेकळं फोडली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही. मी प्रत्येक तपासतो. इतकी वर्षं तपासतोय. कधी एक सोडल्याचं मला आठवत नाही. पण तो एक तपासल्याचंही आठवत नाही. होळीपासून मी तेच करतोय, सुनीता. डोळे मिटतो, तो दिवस समोर आणतो. माझे हात दिसतात. काटा वर जाताना दिसतो. पण ते हात कुठल्याही दिवसाचे असू शकतात. तो एक त्यातनं वेगळा काढता येत नाही मला."

मला हो किंवा नाही हवं होतं. गणिताच्या बाईला दुसरं काय हवं असणार? मी म्हटलं, "मग चौकशीत हो म्हणून सांग. सगळे तपासतोस तर तोही तपासलाच असणार."

"असणार," तो म्हणाला. "पण ते विचारणार, तपासलात का. त्याला मी हो कसं म्हणू?"

"मग काय सांगणार तिथे? आठवत नाही म्हणून? नोकरी जाईल अशानं. वेडाबिडा आहेस का तू?"

तो एकदम वर बघून म्हणाला, "इथला एकेक फटका आठवतो मला. परवाचा पानांतला, सोमवारचा त्या चरातला, पाठ फिरवून मारलेला. एकूण एक. शाळेच्या मैदानावरचे किती मारले ते विचार. एकही आठवत नाही."

मी त्याच्याशेजारी बसले. मला माझे पेपर आठवले. सहामाहीचे, वार्षिकचे, गठ्ठेच्या गठ्ठे. बरोबर उत्तरावर बरोबरची खूण, पुढचा पेपर, पुन्हा खूण. कोणी मला विचारलं असतं की अमक्या मुलीचं तिसरं गणित तुम्ही नीट वाचून खूण केलीत का, तर मी काय सांगितलं असतं? लक्षात राहतात ती चुकलेली गणितं. बरोबर आलेल्यांवरून माझा हात कधी फिरला ते मलाही माहीत नसतं. पण माझ्या खुणेनं कोणाचा हात भाजत नाही. एवढाच फरक, आणि तो काही लहान नाही.

रिझवी साहेब आणि मृणाल परत आले. मृणालच्या ओच्यात ठेकेदारानं दिलेले पाडाचे आंबे होते. श्रीधर उठून म्हणाला, "एक दंड लगा है, रिझवी साहब. जड़ में थी." ते म्हणाले, "ठीक है," आणि बाजेवर बसले. आम्ही दोघं काय बोललो होतो हे त्यांना आमच्या तोंडांवरून कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी हापूसची थट्टा केली नाही.

चौकशीत श्रीधरनं तेच सांगितलं. कंपनीतल्या मित्रांनी कपाळावर हात मारले. मीही मारला. घरी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. त्या दोन दिवसांत चप्पल पुन्हा व्हरांड्यात सुरू झाली, आणि ह्या खेपेला दुसऱ्या खोलीत मीही चालत होते. पाऊस यायची लक्षणं दिसायची आणि यायचा नाही. दुपारी आंधी उठायची, दारं आपटायची, सगळ्या घरात तोंडभर धूळ. मी झाडून घ्यायची, पुन्हा धूळ. कधी एकदाचं काय ते होऊन जाऊ दे असं व्हायचं, आणि टपालवाला फाटकाशी थांबला की वाटायचं, आज नको.

दशहरी संपून मोसमाच्या शेवटचा चौसा आंबा आला, पाऊस लागला, तेव्हा ऑर्डर आली. ट्रान्सफॉर्मर सबस्टेशनवर बरेच दिवस उघड्यावर पडून होता, तेलात ओल गेली असण्याची शक्यता जास्त. तपासणी अधिकाऱ्याचा दोष सिद्ध होत नाही. कामावर रुजू व्हावं. मी देवापुढे साखर ठेवली. देवस्थळीबाईंना पेढे दिले, त्यांनी घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "मग, जनरल मॅनेजर ना?" मी म्हटलं, "नाही, जुन्याच जागेवर." त्या बिचाऱ्या फार हळहळल्या. श्रीधर मात्र कागद हातात धरून बसला होता. दोष नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, सिद्ध होत नाही असं लिहिलंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "आता पुरे हं."

त्याला आता लखनौबाहेर जायला मोकळीक होती. मला वाटलं, मिरज. त्यानं बाराबंकीची बस पकडली. मी बरोबर गेले, कारण त्याला एकट्याला जाऊ द्यायची माझी छाती झाली नाही. रिझवी साहेबांनी चौशाची एक करंडी दिली होती, ह्या खेपेला ठेकेदाराकडून स्वतः विकत घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती.

लाइनमनचं नाव रामसजीवन. पत्र्याचं घर, दारात शेवग्याचं झाड. माणूस आमच्याच वयाचा, दिसायला मोठा. उजवा हात पोटाशी धरलेला, कातडी चकचकीत गुलाबी, बोटं अर्धी मिटलेली. पूर्ण उघडत नव्हती. श्रीधरनं स्वतःची ओळख सांगितली, कुठली नोकरी, कुठला शिक्का, सगळं. रामसजीवननं बसायला खाट दिली. त्याच्या बायकोनं करंडीतला एक आंबा घेतला, तळहातांत फिरवून मऊ केला, देठ काढून पहिला चीक पिळून टाकला आणि त्याच्या डाव्या हातात दिला. तो चोखत राहिला. आम्ही बघत राहिलो. काय बोलायचं हे घरून ठरवून आलो नव्हतो.

कोय टाकून त्यानं हात पुसला आणि विचारलं, "साहब, वो वाला आपने देखा था न?"

अगदी साधेपणानं विचारलं. भांडण नव्हतं त्यात. मी श्रीधरकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, आता तरी हो म्हण. कागदानं सोडलंय तुला. इथे कोणी लिहून घेत नाहीये. ह्या माणसाला बरं वाटेल, तुला बरं वाटेल, आपण घरी जाऊ. हो म्हण.

श्रीधर म्हणाला, "याद नहीं है."

रामसजीवननं त्याच्याकडे पाहिलं. बायकोही आतून बाहेर येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता हा आपल्याला उठवून लावणार, आणि लावलं तरी ते बरोबरच आहे. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"हमको भी उस दिन का कुछ याद नहीं है, साहब," तो म्हणाला.

मग बायकोनं चहा आणला. आम्ही तो प्यालो आणि निघालो. फाटकापर्यंत, म्हणजे शेवग्यापर्यंत, तो पोचवायला आला.

त्यानंतर श्रीधरनं निवृत्त होईपर्यंत कामाची एक रीत सोडली नाही. शिक्का मारण्याआधी तो प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर हाताचा तळवा ठेवायचा आणि त्याचा नंबर मोठ्यानं म्हणायचा. हाताखालचे लोक हसायचे, पूजा चाललीये साहेबांची म्हणायचे. काम सावकाश व्हायचं. घरी यायला उशीर व्हायचा. पुढे आम्ही पुण्याला आलो. रिझवी साहेब गेल्याची बातमी उशिरा कळली. त्या बागेत अजून आंबे लागतात की तिथे घरं झाली, मला माहीत नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही.

आज गाडीवर दशहरी आला होता. घेऊन आले, पाण्यात टाकला. श्रीधर छत्री घेऊन उभा होता, एक पाय पाटावर. मी म्हटलं, "सांग बघू." दरवर्षी म्हणते. तो सुरू करतो. पानांतला. चरातला, पायांपेक्षा वरचा. भाजल्या मातीवरचा, तो ज्यानं कैरी पडली आणि झोपडीत नेऊन द्यावी लागली. बुंध्याला चिकटलेला, पाठ फिरवून मारलेला. मुळांतला, दंडाचा. एकामागून एक, काही न चुकता, जसे आले तसे, कुठे अडखळत नाही. आणि मग थांबतो. छत्री तशीच हातात, नजर फरशीवरच्या त्या जागेवर. कुठे थांबला ते मला माहीत असतं. त्या एकापाशी, जो आठवत नाही. मी आंबा पुसते, कापते, आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवते.